परिचारिकेचे आभार कसे मानावेत?



गेल्या महिन्यात सौदी अरेबियातल्या दम्मामहून फोन आला. आमच्या मुरूडच्या शेजारच्या चाची बोलत होत्या. मुलगा तिकडे नोकरीला, म्हणून त्या त्याच्याकडे राहायला गेल्या आणि तिथेच पडून खुब्याचे हाड मोडून घेतले. ऑपरेशन झाले, आता घरी सोडणार होते.

"बाय, तू एवढी वर्षे नर्स होतीस, म्हणून तुलाच विचारते. रात्रपाळीला केरळची एक पोर असते. माझे सगळे तिने केले. तिला सोन्याची अंगठी द्यावी म्हणते."

मी म्हटले, "चाची, अंगठी नको. त्या पोरीच्या नोकरीवर येईल."

चाचींना ते आवडले नाही. पण आपल्यापैकी अनेकांना इस्पितळातून निघताना हाच प्रश्न पडतो, म्हणून कारण सविस्तर सांगते.

सौदीतल्या इस्पितळांत परदेशी परिचारिका खूप आहेत, विशेषतः फिलिपिन्सच्या आणि आपल्या केरळच्या. पूर्वी दलाल नोकरी लावून देण्यासाठी या मुलींकडून लाखो रुपये उकळत. म्हणून भारत सरकारने २०१५ मध्ये सौदीसह अठरा देशांसाठी परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फत करण्याचा नियम केला. तरीही घरचे कर्ज, भावंडांचे शिक्षण, आईचे औषध हे ओझे अनेकींच्या डोक्यावर असतेच. तिथे राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, नोकरीशी जोडलेला असतो. नोकरी गेली तर पुष्कळदा घरचा रस्ता धरावा लागतो. शिवाय सौदीत १९९२ चा लाचविरोधी कायदा आहे आणि सरकारी इस्पितळातले कर्मचारी सरकारी नोकर असतात. आपण मायेने दिलेली अंगठी दुसऱ्या कोणाला लाच वाटली, तर उत्तर तिला द्यावे लागते, आपल्याला नाही.

मी नोकरीत असताना एका रुग्णाच्या मुलाने माझ्या खिशात पैशांचे पाकीट सरकवले. मी ते परत करण्याआधीच शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी पाहिले. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त एवढेच विचारले, "आम्ही काही दिले नाही, तर आमची घंटा उशिरा ऐकणार का?" तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही. पैसे आणि दागिने नकोत, याचे मुख्य कारण तेच. आणि अंगठी, बांगडी किंवा घड्याळ कामावर घालता येत नाही, कारण त्याखाली जंतू राहतात.

मग द्यावे काय?

सर्वांत मोलाची भेट म्हणजे पत्र. ते मुख्य परिचारिकेच्या, आपण जिला मेट्रन म्हणतो तिच्या नावाने लिहावे. वॉर्ड, तारखा, बिल्ल्यावरचे नाव नीट उतरवून घ्यावे आणि तिने केलेली एक तरी नेमकी गोष्ट लिहावी. "फार चांगली आहे" एवढ्याने भागत नाही. "ऑपरेशननंतर पहिल्या रात्री दर दोन तासांनी कूस बदलून दिली, म्हणून पाठीला जखम झाली नाही", असे लिहावे. तिच्या वरिष्ठांना तिचे काम कळते. एक प्रत तिलाही द्यावी. पुढे करार वाढवताना किंवा दुसरीकडे अर्ज करताना ती दाखवू शकते.

खाऊ द्यायचा तर एकीला नको, सगळ्या वॉर्डला द्या. दोन डबे न्या आणि एकावर "रात्रपाळीसाठी" असे लिहा. सकाळी दिलेली मिठाई संध्याकाळपर्यंत संपते आणि रात्री जागणारीच्या हाती रिकामा डबा येतो, हे मी कितीदा पाहिले आहे. घरचे पदार्थ कितीही चविष्ट असोत, दुकानातले बंद पाकीट बरे. त्यात काय आहे ते छापलेले असते, आणि कोणाला शेंगदाणा किंवा काजू बाधत असेल तर कळते. सौदीत खजूर किंवा साधी बिस्किटे उत्तम. मद्य भरलेली चॉकलेटे किंवा डुकराची चरबी असलेले काहीही नेऊ नये. तिथे त्यावर बंदी आहे. रमजान असेल तर डबा सूर्यास्तानंतर खाण्यासाठी द्यावा.

वस्तूच द्यायची असेल तर बिनवासाचे हाताचे क्रीम द्या. दिवसभर हात धुऊन परिचारिकेच्या हातांना चिरा पडतात. चांगली पेनेही चालतील, ती वॉर्डात नेहमी हरवतात. अत्तर नको, दम्याच्या रुग्णाला त्रास होतो. अतिदक्षता विभागात फुले नेऊ नयेत.

झाडू-पोछा करणारा आणि खाट ढकलणारा यांना विसरू नका. पत्रात त्यांचीही नावे घाला, डब्यात त्यांचाही वाटा असू द्या.

हे सारे निघायच्या दिवशी द्या, दाखल होताना नाही. आधी दिले की ते आभार राहत नाहीत. आणि कोणी नाही म्हटले तर आग्रह करू नका.

आभार थोडक्यात मानावेत असे हे काम नाही. मर्स हा श्वासाचा घातक आजार २०१२ मध्ये प्रथम जेद्दाच्या एका रुग्णात ओळखला गेला. २०१४ मध्ये त्याच शहरात साथ वाढली, तेव्हा आजारी पडलेल्यांत इस्पितळातले कर्मचारी पुष्कळ होते. तरी वॉर्ड चालू राहिले.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी सांभाळायला बाई येते, मग ती ठाण्यात असो की अश्दोदमध्ये, त्यांनाही हेच लागू आहे. फक्त तिथे एक भेट आणखी मोठी आहे: पगार ठरल्या दिवशी आणि सुट्टी ठरल्याप्रमाणे.

चाचींनी शेवटी मराठीत सांगितले, मुलाने इंग्रजीत लिहिले. अंगठी त्यांनी नातीसाठी ठेवली. परवा पुन्हा फोन आला. त्या पोरीने पत्राचा फोटो काढून कोट्टायमला आईला पाठवला, म्हणाल्या. आणि आता वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जातात.