प्रसूतिकक्षातील सन्मानाचा प्रश्न

गरीब गर्भवतींनी रुग्णालयात बाळंत व्हावे यासाठी रोख साहाय्य देणारी जननी सुरक्षा योजना २००५ साली सुरू झाली, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के असलेले संस्थात्मक, म्हणजे दवाखान्यातील, प्रसूतींचे प्रमाण २०१९-२१ पर्यंत ८९ टक्क्यांवर पोहोचले. मात्र प्रसूती कुठे झाली याची जेवढी काटेकोर नोंद होत गेली, तेवढी त्या वेळी स्त्रीला कसे वागवले गेले याची झाली नाही.

कळा सोसवेनाशा होऊन ओरडणाऱ्या स्त्रीला दरडावणे वा चापट मारणे, आडपडदा न ठेवता तपासणे, तिला न विचारता योनिमुख रुंद करण्यासाठी छेद घेणे, बाळ लवकर बाहेर यावे म्हणून पोटावर जोराने दाब देणे, तिला एकटे सोडून देणे किंवा बिल चुकते होईपर्यंत अडकवून ठेवणे, हे सारे प्रसूतिकालीन गैरवर्तनात मोडते. व्हेनेझुएलाने २००७ च्या कायद्यात ‘प्रसूतिविषयक हिंसा’ या संज्ञेची व्याख्या केली, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये असे वर्तन स्त्रियांच्या मूलभूत हक्कांवर घाला घालणारे असल्याचे जाहीर केले. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया येथील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक तृतीयांशाहून अधिक स्त्रियांच्या वाट्याला असे वर्तन आल्याचे दिसले, आणि वयाने लहान व कमी शिकलेल्या स्त्रियांना त्याची झळ अधिक बसली.

अपुऱ्या परिचारिका, खाटांची टंचाई आणि वरिष्ठांचा धाक यांमुळे कर्मचारीही पिचलेले असतात, हे खरे. पण रागावल्याशिवाय बाई नीट जोर लावत नाही हा समज केवळ मनुष्यबळ वाढवून जाणार नाही, कारण त्याच्या मुळाशी गरीब स्त्रीला कमी लेखण्याची सवय आहे. बाळंतिणीच्या पसंतीची व्यक्ती सोबत असली तर कळांचा काळ काहीसा कमी होतो आणि सिझेरियनची गरजही घटते, असे संशोधन सांगते. म्हणजे सन्मान हा उपचाराचाच भाग आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ उपक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेचा समावेश आहे. तो कागदावर राहू नये यासाठी घरी परतणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला निर्भयपणे तक्रार करता आली पाहिजे, आणि रुग्णालयाचे मूल्यमापन करताना तिचे म्हणणे प्रसूतींच्या आकड्यांइतकेच ग्राह्य धरले गेले पाहिजे.