अर्ज तपासतो कोण?

संगणकावर किंवा मोबाईलवर तुम्ही कधी ना कधी एखादा अर्ज भरला असेल. पिनकोडच्या रकान्यात चुकून पाचच आकडे लिहिले, की लगेच खाली लाल अक्षरे उमटतात : 'सहा आकडे लिहा.' अर्ज तर अजून पाठवलेलाच नाही! मग ही चूक पकडली कोणी?

ती पकडली तुमच्याच हातातल्या यंत्राने. अर्जाच्या पानाबरोबर एक छोटी आज्ञावली तुमच्याकडे येते. पान दाखवणारा जो ब्राउझर, तो ती चालवतो. ही आज्ञावली जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिलेली असते. अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आईक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना तयार केला. अर्जातील चुका जागच्या जागी दाखवणे, हा तिचा सुरुवातीपासूनचा एक मोठा उपयोग.

त्याची गरज का पडली? थोडे गणित करू. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून माहिती सेकंदाला फार तर २८.८ किलोबिट या वेगाने येई. समजा, अर्जाचे पान ३० किलोबाइटचे आहे. एका बाइटात ८ बिट असतात. म्हणजे पान झाले २४० किलोबिटचे. २४० भागिले २८.८, म्हणजे पान यायला सुमारे ८ सेकंद लागत. एक आकडा चुकला, की अर्ज दूरच्या संगणकाकडे जायचा, तेथून 'चूक आहे' असे सांगत सगळे पान परत यायचे, आणि पुन्हा तेवढीच वाट पाहायची! पहारेकरी दारातच उभा केला, तर ही खेप वाचते.

एक भाषा, अनेक बोली

पण लवकरच एक अडचण उभी राहिली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९६ मध्ये आपल्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरात हीच भाषा आणली. मात्र तिचे काही शब्द वेगळे होते. 'हे बटण दाबले गेले की मला सांग' एवढे साधे काम घ्या. त्यासाठी इतर ब्राउझरांना एक आज्ञा द्यावी लागे, आणि इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत त्याला दुसरीच. म्हणून प्रोग्रामरला प्रत्येक गोष्ट दोन तऱ्हांनी लिहावी लागे. एक तऱ्हा विसरली, की काही लोकांचा अर्ज चाले आणि काहींचा अडे.

यावर उपाय म्हणून दुभाषे तयार झाले. असा एक दुभाषा, जेक्वेरी, जॉन रेसिग यांनी जानेवारी २००६ मध्ये लोकांपुढे ठेवला. हा तयार आज्ञावलींचा संच आहे. अशा संचाला संगणकशास्त्रात लायब्ररी म्हणतात. तुम्ही जेक्वेरीला एकाच भाषेत काम सांगायचे; समोरचा ब्राउझर कोणता ते ओळखून योग्य त्या बोलीत ते सांगण्याची जबाबदारी तिची. शिवाय ती फुकट होती, आणि तिचा मजकूर कोणालाही वाचता येत होता.

स्वतःची हत्यारे बाजूला

वेबसाइट उभारताना दर वेळी सगळे नव्याने लिहीत बसू नये, म्हणून तयार सांगाडे मिळतात. त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. मायक्रोसॉफ्टचा असा एक सांगाडा म्हणजे एएसपी डॉट नेट एमव्हीसी. त्याची दुसरी आवृत्ती मार्च २०१० मध्ये आली. तीत अर्ज तपासण्याच्या आज्ञावली मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहिलेल्या होत्या. जानेवारी २०११ मध्ये तिसरी आवृत्ती आली, आणि हे काम जेक्वेरी व तिच्यावर उभारलेला योर्न त्सेफरर यांचा तपासणी-संच यांच्याकडे सोपवण्यात आले. एवढी मोठी कंपनी, पण स्वतःची हत्यारे बाजूला ठेवून तिने बाहेरची घेतली!

हा बदल केला कसा, ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी अर्जाखाली आज्ञावलीचा एक वेगळा तुकडा जोडलेला असे. सर्व रकान्यांचे नियम त्यात एकत्र कोंबलेले असत. नव्या रचनेत प्रत्येक रकान्याच्या अंगावरच त्याचा नियम चिठ्ठीसारखा चिकटवला गेला : 'हा रकाना रिकामा नको', 'येथे जास्तीत जास्त इतकी अक्षरे'. या चिठ्ठ्या वाचून त्या बाहेरच्या लायब्ररीच्या हवाली करणारी एक लहानशी फाइल मायक्रोसॉफ्टने लिहिली. तिला आपण पूल म्हणू.

आता असे पाहा. नियम कोणता, हे ठरवणारा भाग तसाच राहिला. नियम पाळला जातो की नाही, हे पाहणारा भाग बदलला. आणि दोघांच्या मध्ये फक्त पूल बांधावा लागला. उद्या पहारेकरी पुन्हा बदलायचा झाला, तर चिठ्ठ्यांना हात लावायला नको; पूल नवा बांधला की झाले. काय करायचे आणि ते कोणी करायचे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हे सर्वच यंत्ररचनेतील महत्त्वाचे तत्त्व आहे.

उसन्याचे मोल

बाहेरची लायब्ररी घेतल्याने फायदा झाला हे खरे. हजारो लोक ती वापरतात, त्यामुळे तिच्यातील दोष लवकर सापडतात. आणि एकदा शिकलेले ज्ञान अनेक ठिकाणी कामी येते. पण उसन्याचे मोलही असते. जानेवारी २०१३ मध्ये जेक्वेरीच्या १.९ या आवृत्तीतून एक जुनी आज्ञा काढून टाकण्यात आली. मायक्रोसॉफ्टची, पान न बदलता अर्ज पाठवणारी फाइल नेमकी तीच आज्ञा वापरत होती. ज्यांनी लायब्ररी नवी घेतली पण ती फाइल जुनीच ठेवली, त्यांचे अर्ज तेथेच अडखळले.

'मग जुनीच आवृत्ती ठेवावी,' असे तुम्ही म्हणाल. त्यातही धोका आहे. एप्रिल २०२० मध्ये जेक्वेरीच्या ३.५.० या आवृत्तीत सुरक्षिततेचे काही दोष दुरुस्त झाले. ज्या वेबसाइटवर जुनी प्रत तशीच राहिली, तेथे ते दोषही राहिले. उसनी वस्तू घेतली की तिची निगा राखणे आपल्याकडेच येते.

पुढे ब्राउझरांच्या बोली एकमेकींच्या जवळ आल्या. इंटरनेट एक्सप्लोररनेही २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत, बटणासाठीची ती सर्वमान्य आज्ञा स्वीकारली. रूबी ऑन रेल्स या दुसऱ्या सांगाड्याने २०११ मध्ये जेक्वेरी नेहमीची म्हणून घेतली होती. एप्रिल २०१७ मध्ये त्याने तिची सक्ती काढून टाकली आणि अर्जांच्या आज्ञावली पुन्हा साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिल्या. सगळे एकच भाषा बोलू लागले, की दुभाष्याचे काम कमी होते.

पहारेकऱ्यावर किती विसंबावे?

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. दारातला पहारेकरी तुमच्या सोयीसाठी आहे, सुरक्षिततेसाठी नाही. जावास्क्रिप्ट कोणीही आपल्या ब्राउझरात बंद करू शकतो. मग पहारेकरी नाहीसा होतो आणि हवे ते लिहून अर्ज पाठवता येतो. म्हणून अर्ज स्वीकारणाऱ्या संगणकाने प्रत्येक रकाना पुन्हा तपासलाच पाहिजे.

याची दुसरी बाजूही आहे. नेटवर्क कमजोर असले, तर लायब्ररीची फाइल वाटेतच अडकू शकते. अशा वेळी बटणच निकामी झाले आणि आज अर्जाची शेवटची तारीख असली तर? चांगल्या रचनेत पहारेकरी आला नाही तरी अर्ज पुढे जातो आणि तपासणी आत होते. एखाद्या मुलीचा प्रवेश अशा साध्या काळजीवर अवलंबून असू शकतो.

वर्गात करून पाहा

एका कागदावर नाव, इयत्ता आणि पिनकोड असे तीन रकाने आखा. प्रत्येक रकान्याशेजारी त्याचा नियम चिठ्ठीवर लिहून चिकटवा. एक विद्यार्थी अर्जदार, एक दारातला पहारेकरी व एक आतला कारकून होईल. पहारेकऱ्याने फक्त चिठ्ठ्या वाचून चुका दाखवायच्या. कारकुनाजवळ त्याच नियमांची वेगळी यादी असू द्या. आता पहारेकरी बदला. चिठ्ठ्या बदलाव्या लागल्या का? मग पहारेकऱ्याला सुट्टी द्या आणि मुद्दाम चुकीचा अर्ज आत पाठवा. शेवटी कारकुनाची यादी काढून घेऊन तोच अर्ज पुन्हा पाठवा. काय झाले, आणि का झाले, ते वहीत लिहा.