निवळ आणि शुद्ध

माझे आजोळ वैनगंगेच्या काठचे. श्रावणात नदी गढूळ झाली की आजी सहाणेवर निवळीचे बी उगाळी आणि ते गंध रांजणात ढवळून ठेवी. सकाळी पाणी इतके नितळ असे की तळाचा गाळ दिसावा. एका पावसाळ्यात तेच पाणी पिऊन माझा धाकटा मामेभाऊ हगवणीने अंथरुणाला खिळला. तो वाचला, पण ‘पाणी तर निवळ होतं’ हे आजीचे वाक्य माझ्या मनातून कधी गेले नाही.

निवळी म्हणजे संस्कृतातले कतक, विषारी काजऱ्याचे भाऊबंद. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत, त्यांत कतक आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात ते दृष्टान्त होऊन येते : कतकाचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. शंकराचार्यांच्या नावे असलेल्या ‘आत्मबोधा’त ज्ञानाला कतकाच्या पुडीची उपमा आहे, मळ खाली बसवून ती स्वतःही नाहीशी होते. दृष्टान्तासाठी निवडलेली वस्तू लोकांच्या रोजच्या ओळखीची असणार, हे उघड आहे.

हेच काम शेवग्याचे बी करते. १९७०च्या दशकात सामिया अल अझारिया यान या जर्मन संशोधिकेने सुदानमधल्या बायकांची रीत अभ्यासली. पुराच्या दिवसांत त्या नाईलचे पाणी शेवग्याच्या बियांनी निवळत. शेवगा मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा; पण तिथे त्याला मिळालेल्या अरबी नावाचा अर्थ ‘पाणी निवळणारे झाड’ असा होतो. आपल्या ‘निवळी’सारखाच.

यामागची क्रिया सोपी आहे. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तळाशी बसत नाहीत. शेवग्याच्या बियांतल्या प्रथिनांवर धन भार असतो. कण त्यांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन खाली बसतात. बेताच्या गढूळ पाण्याला लिटरमागे एक-दोन सोललेल्या वाळक्या बियांची पूड पुरते. ती आधी जोरात, मग पाच-दहा मिनिटे सावकाश ढवळायची आणि पाणी तास-दोन तास न हलवता ठेवायचे.

गाळाबरोबर पुष्कळसे जंतूही खाली जातात, पण सगळे जात नाहीत. शिवाय ‘आत्मबोधा’तला दृष्टान्त इथे अपुरा पडतो, कारण बियांतला काही सेंद्रिय अंश पाण्यात विरघळून राहतो. उरलेल्या जंतूंना तो अन्न पुरवतो आणि ठेवलेल्या पाण्यात ते पुन्हा वाढू लागतात. म्हणून असे पाणी निवळल्यावर वरचेवर काढून घ्यावे, फडक्याने गाळावे, उकळावे आणि त्याच दिवशी संपवावे. विरघळलेल्या फ्लोराइड-नायट्रेटवर या बियांचा भरवसा धरू नये.

मात्र म्हणून बी निरुपयोगी ठरत नाही. गढूळ पाण्यात क्लोरीनचा बराच भाग गाळातल्या सेंद्रिय द्रव्यावरच खर्च होतो. निवळलेल्या पाण्यात तो जंतूंपर्यंत पोचतो. बियांचे काम ही पहिली पायरी आहे.

आजीची रीत चुकीची नव्हती, अर्धी होती. निवळ दिसणारे पाणी तिने शुद्ध मानले. आपल्या भाषेतही हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. रांजणातले ते पाणी चुलीवर एकदा खळखळून उकळले असते, तर मामेभावाचे ते दुखणे बहुधा टळले असते.