मुरघास व चाराकापणी यंत्र : एक परिभाषिक विवेचन

इंग्रजीत ज्याला ‘सायलेज’ म्हणतात त्या चाऱ्यासाठी मराठीत ‘मुरघास’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी स्पॅनिश ‘सिलो’, म्हणजे धान्याचे पेव आहे. तेथे नाव स्थळावरून पडले. मराठी शब्द क्रियेवरून घडला. लोणचे मुरते त्याप्रमाणे बारीक कापून, दाबून, हवाबंद ठेवलेला ओला चारा मुरतो. (‘मुरंब्या’शी मात्र या मुरण्याचा संबंध नाही; तो अरबी ‘मुरब्बा’. तरीही ऐकणाऱ्याला त्यात मुरणारा आंबाच दिसतो, ही गोष्ट वेगळी.) उत्तरपदातील ‘घास’ हा संस्कृत ‘घास’, म्हणजे चारा, जो ‘लसूणघास’ या शब्दातही आहे; तोंडातला घास ‘ग्रास’ या शब्दापासून आलेला. मुरघासासाठी ट्रॅक्टरमागे ओढल्या जाणाऱ्या जुन्या चाराकापणी यंत्राचे कार्य व त्याची निगा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे योजिले आहे. परिभाषा घडविणाऱ्यास वस्तूची ओळख नसेल तर त्याचा शब्द शेतात टिकत नाही, आणि प्रसंगी अपायही करतो.

पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू हा पट्टा गवताचा. येथील वरकस जमिनीवरचे गवत पिढ्यानुपिढ्या मुंबईच्या तबेल्यांकडे जात आले. भारा, पेंढी, गंजी, वखार ही या व्यवहाराची शब्दसंपत्ती पाहिली तर ती सारी वाळलेले गवत गृहीत धरून चालते असे दिसेल. गवत हे येथे नुसते जनावराचे खाद्य नव्हते, मजुरीचे मापही होते. १९४५ च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वारली मजुरांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली गवतकापणीचा जो संप केला त्यातील मागणी पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये अशी होती. योगायोग असा की, ओल्या चाऱ्याचे आम्लाच्या साहाय्याने जतन करण्याच्या पद्धतीसाठी फिनलंडच्या विर्तानेन यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले तेही १९४५ सालीच.

या दोन गोष्टींना जोडणारा धागा पावसाचा आहे. गवत वाळवावयाचे तर पाऊस ओसरेपर्यंत थांबावे लागते. तोवर ते फुलून जून होते आणि त्यातील प्रथिने घटतात. मुरघासासाठी ते कोवळे असतानाच कापता येते. परंतु भर पावसाळ्यातील गवतात शंभर किलोमागे ऐंशी किलो पाणीच असते. इतका ओला चारा दाबला तर मुरत नाही, कुजतो. ‘मुरणे’ आणि ‘कुजणे’ यांतील भेद हा येथे अर्थच्छटेचा नसून जीवाणूंचा आहे : पहिल्यात दुग्धाम्ल वाढून आम्लता पी.एच. ४ च्या आसपास स्थिरावते, दुसऱ्यात दुर्गंधी ब्युटिरिक आम्ल तयार होते. यावर स्थानिक उपाय भाताच्या पेंढ्याचा. कोरड्या अंशाचे प्रमाण २० टक्क्यांवरून ३० वर न्यावयाचे तर शंभर किलो गवतात सुमारे १७ किलो कोरडा पेंढा मिसळावा लागतो, असे साध्या हिशेबाने निघते. शिवाय उष्ण प्रदेशातील गवतात साखर कमी, म्हणून थोडी मळी घालणे हिताचे.

आता यंत्राकडे वळू. जुन्या यंत्रांचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात फिरत्या दांड्यावर लोंबती पाती असतात. ती गवत झोडपून तोडतात. हे यंत्र साधे व खडबडीत माळाला सोसणारे, पण तुकडे लांबट व असमान पडतात, आणि पाती खाली आणली तर माती चाऱ्यात येते. दुसऱ्या प्रकारात रुळांच्या जोड्या चारा चेपून आत ढकलतात व पात्यांचे पिंप एका स्थिर पात्यावरून तो कापते. मक्यासाठी हाच प्रकार योग्य. एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी नीट दाबली जाते आणि मध्ये हवा राहत नाही.

या स्थिर पात्याला कोशकाराने नुसते ‘पट्टी’ म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पट्टीला धार असते हे कोणाच्या मनात येणार? कात्रीचे एक पाते बोथट असेल तर दुसऱ्याला कितीही धार लावून उपयोग नसतो. येथेही तेच. फिरती पाती दगडाने घासली की झिजतात, म्हणून ती व स्थिर पाते यांतील फट वाढते. याकरिता धार लावल्यावर स्थिर पाते पुढे सरकवून फट पुन्हा जुळविणे अपरिहार्य ठरते. फट किती असावी हे त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते; सर्वसाधारणपणे ती अर्ध्या मिलिमीटरहून कमीच असते, आणि दोन्ही टोकांस सारखी हवी. ट्रॅक्टरची किल्ली काढून, हातमोजे घालून पिंप हाताने फिरवावे व जाड कागद धरून पाहावा : तो स्वच्छ कापला गेला तर ठीक, दुमडला वा फाटला तर नाही. स्थिर पात्याची एक कड गोल झाली तर बहुधा ते उलटून दुसरी वापरता येते. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असल्याने त्याची कुट्टी करताना धार फार लवकर जाते. ज्या पेंढ्याने मुरघास सावरतो त्यानेच पाते मरते!

बोईसर-तारापूरची खारी हवा हा आणखी एक शत्रू. हंगाम संपल्यावर चिकटलेला चारा धुऊन, यंत्र वाळवून, पात्यांना तेल व सांध्यांना ग्रीस देऊन ते छपराखाली ठेवले नाही तर पुढील वर्षी घसरक्लचच्या चकत्या गंजून एकमेकींस धरतात. मग आत दगड गेला तरी क्लच घसरत नाही व गिअरपेटी फुटते. तुटण्यासाठीच बसविलेल्या नरम बोल्टाच्या जागी कडक बोल्ट घालण्याची ‘मजबुती’ही याच जातीची.

शेवटी क्रियापदाचा प्रश्न उरतो. ट्रॅक्टरचा शक्तिदंड मिनिटाला ५४० फेरे घेतो. कळ सोडली तरी जड पिंप पुढे कितीतरी वेळ फिरत राहते. मराठीत ‘बंद करणे’ ही माणसाची कृती आहे, ‘थांबणे’ ही वस्तूची अवस्था. ‘यंत्र बंद करून अडकलेला चारा काढावा’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी ते वाचणारा कळ सोडताच हात आत घालू शकतो. सूचना अशी हवी : ‘शक्तिदंड सोडावा, इंजिन बंद करून किल्ली काढावी, आणि पिंप फिरावयाचे पूर्ण थांबले हे डोळ्यांनी पाहिल्यावरच झाकण उघडावे.’