लोंढ्याहून बेटांकडे: सहलीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीची सुट्टी जवळ आली की लोंढा, खानापूर, बेळगावपासून निपाणीपर्यंत घरोघरी समुद्राचा विषय निघतो. अलीकडे नुसता समुद्र पुरत नाही, बेट हवे असते. मग मोबाइलवर मालदीव आणि बाली पाहिले जातात, खर्चाचा अंदाज येतो आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. जे निघतात, त्यातले बरेच जण ऐकीव माहितीवर निघतात आणि जेट्टीवर पोचल्यावर त्यांना कळते की आज बोट नाही, किंवा त्या बेटावर उतरायलाच बंदी आहे.

लोंढ्यापासून दिवसभरात पोचता येईल अशा अंतरावर बेटांचे दोन गट आहेत. एक मांडवीत, दिवाडी आणि चोडण ही शेजारची दोन बेटे. दुसरा कारवारच्या समोर, कूर्मगड, देवगड आणि अंजदीव. दोन्हींशी आपले पाण्याचे नाते आहे. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होऊन दिवाडी-चोडणला वळसा घालते. लोंढ्याकडचे पाणी पांढरी नदीतून काळी नदीत जाते आणि काळी कारवारला समुद्राला मिळते. ही बेटे आपल्याच नद्यांच्या टोकाला आहेत. ती नीट पाहायची, तर आधी काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज १: बेटावर जायचे म्हणजे विमान, पासपोर्ट आणि मोठा खर्च.

वस्तुस्थिती: गोव्याला गेलेला बहुतेक प्रत्येक जण बेटावर जाऊन आलेला असतो, फक्त त्याला ते माहीत नसते. पणजी ज्या तिसवाडी तालुक्यात आहे त्याच्या उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुवेचा कालवा आहे. पश्चिमेला समुद्र आहेच, म्हणजे तिसवाडी चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली आहे. पोर्तुगीज काळात या भागाचा कारभारातला उल्लेखच ‘इल्हास’, म्हणजे बेटे, असा होत असे.

दिवाडीला जायला जुने गोवे किंवा रायबंदर येथून फेरीबोट मिळते. चोडणची फेरीही रायबंदरहून सुटते. नेहमीच्या फेरीबोटीत पायी प्रवाशाला तिकीट पडत नाही. लोंढ्याहून अनमोड घाट, मोले, फोंडा या रस्त्याने जुन्या गोव्याला थेट जाता येते. रेल्वेने कॅसलरॉक, कुळे करत मडगाव गाठायचे आणि पुढे बस किंवा कोकण रेल्वे धरायची. कोकण रेल्वेचे करमळी स्थानक जुन्या गोव्यालगत आहे.

अंदमानचा बेत वाईट नाही. तेथील स्वराजद्वीप आणि शहीदद्वीप ही शेजारची बेटे खरोखर सुंदर आहेत. पण ती भारताच्या मुख्य भूमीपासून हजार किलोमीटरहून दूर आहेत, आणि तिथे विमान, जहाज, मुक्काम असे सगळे महिनोन्‌महिने आधी ठरवावे लागते. दोन-तीन दिवसांच्या सुट्टीला ते जमत नाही. दिवाडी-चोडण जमते.

गैरसमज २: बेट म्हटले की चोहीकडे पांढरी वाळू.

वस्तुस्थिती: दिवाडी आणि चोडण ही नदीतली बेटे आहेत. त्यांच्या काठाला वाळू नाही. चिखल, खारफुटी आणि खाजन शेती आहे. वाळूच्या अपेक्षेने गेलेला माणूस तासाभरात कंटाळून परततो, आणि जे पाहायचे होते ते पाहायचे राहून जाते.

खाजन ही गोव्याच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली व्यवस्था आहे. खाऱ्या पाण्याच्या काठची सखल जमीन बांध घालून अडवायची आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार, बसवायचे. भरतीच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप बंद होते, ओहोटीला उघडते आणि शेतातले जादा पाणी बाहेर पडते. खारे पाणी आत शिरत नाही म्हणून भात होतो, आणि त्याच दारापाशी मासेही मिळतात.

चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. ते 1988 साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर आहे. जवळजवळ सगळे अभयारण्य म्हणजे खारफुटीचे जंगल. बगळे, खंड्याच्या अनेक जाती आणि हिवाळ्यात येणारे चिखलपक्षी येथे दिसतात. कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत, त्यामुळे त्या पाण्यात पाय सोडून बसू नये.

दिवाडीचा इतिहास तर थेट आपल्या दारापर्यंत येतो. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंबांचे कुलदैवत. त्याचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले, भाविकांनी लिंग नदीपार डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला नेले, आणि 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. याच कदंबांची सत्ता खानापूर तालुक्यातल्या हलशीलाही होती. तेथील भूवराह नरसिंहाचे देऊळ त्यांच्या काळाची साक्ष आहे. मुलांना आधी हलशी दाखवा, मग दिवाडी. इतिहासाच्या पुस्तकातला एक वंश त्यांना दोन गावांत उभा दिसेल.

वाळू आणि लाटा हव्या असतील, तर बेटांचा एक दिवस आणि किनाऱ्याचा एक दिवस असे वेगळे ठरवावे. दक्षिण गोव्यात काणकोणकडे आगोंद, पाळोळे आणि गालजीबागचे किनारे आहेत. आगोंद आणि गालजीबागला हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालायला येतात. त्या काळात रात्री किनाऱ्यावर बॅटरी, मोठा आवाज आणि गाड्या टाळाव्यात.

गैरसमज ३: बेटावर केव्हाही जावे, पाणी काय तेच असते.

वस्तुस्थिती: पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. अभयारण्यातून होडीने फिरायचे असेल तर भरती लागते, कारण ओहोटीला खारफुटीतल्या चिंचोळ्या वाटांत होडी चिखलात बसते. उलट चिखलात चोच मारणारे पक्षी ओहोटीलाच नीट दिसतात. म्हणून आधी काय पाहायचे ते ठरवावे आणि मग वेळ.

पाळोळेच्या उत्तर टोकाचे छोटे बेट हे याचे उत्तम उदाहरण. ओहोटीला तिकडे पाण्यातून चालत जाता येते. पण भरती सुरू झाल्यावर परतीची वाट बुडते आणि पाण्याला ओढ असते. जाताना गुडघ्याएवढे पाणी होते म्हणजे येतानाही तेवढेच असेल, असे मुळीच नाही.

किनारपट्टीवरचे जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा तास अंदाजे मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. दुसऱ्या दिवशी हीच वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. हा अंदाज बेत आखण्यापुरता आहे. नक्की वेळ भरतीच्या छापील तक्त्यावरून किंवा स्थानिक होडीवाल्याकडून घ्यावी.

गैरसमज ४: पाऊस संपला की समुद्र सुरक्षित, आणि पोहता येणाऱ्याला भीती नाही.

वस्तुस्थिती: 21 जानेवारी 2019 रोजी, ऐन हिवाळ्यात, कूर्मगडच्या नृसिंहाच्या जत्रेहून परतणारी बोट कारवारजवळ उलटली आणि 16 जणांचा मृत्यू झाला. त्यात लहान मुले होती. पावसाळा नव्हता आणि किनाराही फार दूर नव्हता. या दुर्घटनेचा धडा साधा आहे: बोटीची क्षमता आणि लाइफ जॅकेट या गोष्टी ऋतूवर अवलंबून नाहीत. जत्रेच्या दिवशी गर्दी असते, उशीर झालेला असतो, आणि ‘आणखी चार जण बसतील’ हे वाक्य तेव्हाच कानावर येते.

पोहण्याचेही तसेच. आपल्याकडची मुले मलप्रभेत किंवा विहिरीत पोहायला शिकतात. समुद्राची रीत वेगळी आहे. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कुठेतरी परत जायला हवे. ते वाळूतल्या एखाद्या खोलगट वाटेने एकवटून जोरात मागे जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसते, आणि नवखा माणूस नेमकी तीच जागा निवडतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे थेट हात मारत राहू नये, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग किनाऱ्याकडे वळावे. गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात उतरावे, नुसता लाल झेंडा असेल तर उतरू नये.

गैरसमज ५: पावसाळ्यात गोवा स्वस्त, मग तेव्हाच सगळे उरकावे.

वस्तुस्थिती: पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पर्यटकांच्या सागरी बोटी बंद असतात आणि पोहायला उतरणे जिवावरचे असते. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. ज्यांचा जन्म पाण्यावर गेला ते होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा पाहुण्याने पाण्यात शिरू नये.

याच दिवसांत लोंढ्याहून बरेच तरुण दूधसागरला जायला रुळांवरून चालू लागतात. रुळांवर विनापरवाना चालणे हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार गुन्हा आहे. कॅसलरॉक ते कुळे हा घाट 1:37 इतक्या चढाचा, वळणांचा आणि बोगद्यांचा आहे. बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. पावसाळ्यात धबधबा गाडीच्या खिडकीतून दिसतो आणि भरपूर दिसतो. जवळ जायचे असेल तर पाऊस सरल्यावर कुळे येथून वन खात्याच्या परवानगीच्या जीपने जावे.

पावसाळ्यात बेटच पाहायचे असेल तर दिवाडी पाहावे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तेथे बोंदेराम हा झेंड्यांचा उत्सव भरतो. शेते तेव्हा हिरवी असतात. खुल्या समुद्रातल्या बेटांसाठी मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. तेव्हा नद्यांचा गढूळपणा ओसरलेला असतो आणि पाहुणे पक्षीही आलेले असतात.

गैरसमज ६: बेट दिसते आहे म्हणजे तिथे उतरता येईल.

वस्तुस्थिती: अंजदीव कारवारच्या किनाऱ्यावरून दिसते, पण ते नौदलाच्या ‘आयएनएस कदंब’ तळाच्या हद्दीत आहे आणि सर्वसामान्यांसाठी बंद आहे. पोर्तुगीजांनी 1505 मध्ये तेथे किल्ला बांधला. नोव्हेंबर 1961 मध्ये याच बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी जहाजावर गोळीबार झाला आणि डिसेंबरात नौदलाने बेट ताब्यात घेतले. मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणीला लोक जातात ते भोवतालच्या पाण्यात बुडी मारून प्रवाळ आणि मासे पाहायला. बेटावर भटकायला नव्हे.

कूर्मगड आणि देवगडकडे जाणाऱ्या बोटी हवामान आणि परवानगी पाहून सुटतात. निघण्याआधी कारवारला फोन करून खात्री करावी. निपाणीकरांना आजरा, आंबोली, सावंतवाडी असे मालवण जवळ पडते. तेथे सिंधुदुर्ग आहे, कुरटे बेटावर 1664 मध्ये बांधायला घेतलेला, 48 एकरांचा. त्याच्याही बोटी पावसाळ्यात बंद असतात.

गैरसमज ७: चार शिंपले आणि प्रवाळाचा तुकडा आणला तर काय बिघडते?

वस्तुस्थिती: भिंती रचणारे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काही शंख-शिंपल्यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. ते उचलणे, विकत घेणे, घरी ठेवणे हा गुन्हा ठरतो. प्रवाळावर पायही ठेवू नये. तो दगड नव्हे, सजीव आहे आणि फार सावकाश वाढतो.

बेत असा करावा

दोन-तीन दिवस असतील तर एकाच नदीचा नाद धरावा. एका सहलीत दिवाडी, चोडण आणि पणजी. दुसऱ्या सहलीत कारवार आणि काणकोणचे किनारे. आधी महिना ठरवा, मग तिथी पाहून भरतीची वेळ, मग बोटीची आणि परवानगीची खात्री, आणि सर्वांत शेवटी रेल्वेचे तिकीट आणि खोली. आपण नेमका उलटा क्रम लावतो आणि म्हणून फसतो.

बेटावर कचरागाडी शहरासारखी येत नाही. नेलेले प्लास्टिक परत आणा. फेरीबोटीत शाळेची मुले आणि बाजाराला निघालेल्या बायका असतात. त्यांना आधी चढू द्या. आणि समुद्रात जाणाऱ्या बोटीत पाय ठेवण्याआधी घरातल्या प्रत्येकासाठी, अगदी लहान मुलासाठीसुद्धा, लाइफ जॅकेट मागून घ्या. ते मिळत नसेल तर त्या बोटीत बसू नका.