पत्तासूचीतले पंधरा रिकामे खण

बडोद्याच्या एखाद्या मोठ्या कचेरीत तीन जोशी आणि चार देशपांडे असणे मुळीच नवलाचे नाही. पूर्वी ‘हिशेबखात्यातले जोशी’, ‘चष्मेवाले जोशी’ असा भेद तोंडी चाले आणि नवा शिपाईही तो आठवड्याभरात शिके. ईमेलच्या पत्तासूचीला असल्या खुणा कळत नाहीत. नाव, आडनाव, हुद्दा, विभाग, दूरध्वनी हे ठराविक रकाने तेवढे तिला ठाऊक. आणि तेही पुष्कळदा अर्धवट भरलेले. भलता जोशी निवडला गेला, तर पगाराचा गोपनीय तक्ता भलत्याच टेबलावर जाऊन पडतो. कर्मचारी क्रमांक, शाखा, येणाऱ्या भाषा असे स्वतःचे तपशील सूचीत घालावेत, असे कचेऱ्यांना वाटू लागते ते यामुळेच.

या सूचींचे मूळ १९८८ साली सिद्ध झालेल्या ‘एक्स ५००’ या आंतरराष्ट्रीय मानकात सापडते. ती व्यवस्था फार भारदस्त होती. पुढे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात तिला एक हलकी वाट काढण्यात आली. ‘एलडॅप’ नावाची ही पद्धत १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि २००० साली आलेली मायक्रोसॉफ्टची ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ तीच भाषा बोलते. कल्पना साधी आहे. प्रत्येक माणसाची एक नोंद, आणि नोंदीत कोणते रकाने असावेत हे ठरविणारा एक मूळ आराखडा. आराखड्यात जो रकाना नाही, तो नोंदीत येऊ शकत नाही.

मग आराखडाच का वाढवू नये? वाढविता येतो, परंतु ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या आराखड्यात एकदा घातलेला रकाना पुन्हा काढून टाकता येत नाही, फार तर निष्क्रिय करता येतो. भिंतीत खिळा ठोकावा आणि तो उपटण्याची सोयच नसावी, असा हा प्रकार. म्हणून ‘एक्स्चेंज’ ही टपालव्यवस्था स्वतःबरोबर पंधरा मोकळे खण घेऊन येते. त्यांना नावे नाहीत. एक ते पंधरा असे नुसते क्रमांक आहेत. कोणत्या खणात काय ठेवावयाचे, हे ज्या त्या कचेरीने ठरवावे. बहुतेक कचेऱ्यांना एवढे पुरते.

अडचण सुरू होते ती याच मोकळेपणातून. चौथ्या खणात कर्मचारी क्रमांक आहे हे सूची सांभाळणाऱ्या एकाच गृहस्थाला ठाऊक असते. त्याची बदली होते. आणि त्याच्या जागी आलेला दुसरा त्याच खणात शाखेचे नाव लिहू लागतो. संगणक तक्रार करीत नाही. कोणता खण कशासाठी, आणि त्याची जबाबदारी कोणाकडे, हे एका साध्या वहीत लिहून ठेवण्याचे काम कंटाळवाणे खरे, पण ते टाळणाऱ्या कचेरीची सूची दोन-तीन वर्षांत निरुपयोगी होते.

स्पेलिंगचा प्रश्न त्याहून नाजूक. या खणांच्या आधारे पत्रांचे गट आपोआप बनविता येतात : ज्यांच्या खणात अमुक शाखा, त्या सर्वांना परिपत्रक. हा फार मोठा फायदा आहे. परंतु कोणाच्या नोंदीत ‘बडोदा’, कोणाच्या ‘बडोदे’, तर कोणाच्या ‘वडोदरा’ असेल, तर माणसाला हे एकच शहर वाटते, संगणकाला तीन. रोमन लिपीत नोंदी असल्या तरी घोळ तोच. १९७४ मध्ये बडोद्याचे नाव बदलले, २०१४ मध्ये बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. जुन्या व नव्या नोंदी शेजारी शेजारी राहिल्या की परिपत्रक निम्म्या माणसांना पोहोचते, आणि उरलेल्यांना ते निघाल्याचा पत्ताही लागत नाही. रजेच्या अर्जाची शेवटची तारीख अशाने हुकली, तर दोष कोणाच्या माथी मारावयाचा?

खण भरला म्हणजे तो दिसू लागला असेही नाही. सूचीत नावावर टिचकी मारल्यावर जे पान उघडते, त्याचा नमुना निराळा असतो. टपालाचा सर्व्हर कचेरीचा स्वतःचा असेल, तर त्या नमुन्यात नवी चौकट घालून तिला ‘कर्मचारी क्रमांक’ असे नाव देता येते. शिवाय ‘आउटलुक’ सूचीची एक प्रत प्रत्येकाच्या संगणकावर ठेवते व ती सामान्यतः दिवसातून एकदाच ताजी करते. सकाळी केलेला बदल दुपारी दिसला नाही म्हणून तो पुन्हा करीत बसण्यात अर्थ नसतो.

सर्वांत अधिक विचार करावयाचा तो काय लिहू नये याचा. रक्तगट, घरचा दूरध्वनी, जन्मतारीख हे तपशील सद्भावनेने सुचविले जातात. अपघाताच्या वेळी रक्तगट हाताशी असावा, ही इच्छा चुकीची कशी म्हणावी? पण सूचीतील नोंदी सामान्यतः कचेरीत प्रवेश असलेल्या प्रत्येकाला वाचता येतात. पानावर चौकट नसली तरी अन्य साधनांनी त्या काढता येतात. माहिती ज्या कारणासाठी घेतली त्यापुरतीच वापरावी, असा भारतातील २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचाही रोख आहे. रक्तगट ओळखपत्राच्या मागे छापता येतो. तेथे तो कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या खिशात राहतो. जोशींचा घोळ सोडवायला मात्र शाखा आणि कर्मचारी क्रमांक, एवढे दोन खण पुरे होतात, आणि तेरा शिल्लक राहतात.