नववीतल्या मुलांची दोन आठवड्यांची 'नोकरी' : जर्मनीतले प्राक्टिकुम समजून घेऊ या



गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला. ती ड्युसेलडॉर्फ शहरात राहते, तिथल्याच शाळेत नववीला आहे. म्हणाली, "मावशी, पुढचे दोन आठवडे मला शाळा नाही. मी कामाला जाणार आहे."

मी वह्या तपासत बसले होते. हातातला लाल पेन तसाच राहिला. नववीतली पोर आणि कामाला? "कुठे गं?" तर म्हणे, "चष्म्याच्या दुकानात."

मागून तिच्या आईचा आवाज आला, "बघ ना गं! वडील आयटीत इंजिनिअर आणि ही चालली चष्म्याच्या दुकानात. लोक काय म्हणतील?"

त्या दिवसापासून मी हा विषय नीट समजून घेतला. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर तो उपयोगी आहेच, पण आपल्या शाळांमध्ये आता दप्तराविना दिवस आले आहेत, त्यामुळे आपल्यालाही तो जवळचा आहे.

प्राक्टिकुम म्हणजे काय?

प्राक्टिकुम म्हणजे कामाच्या ठिकाणी जाऊन घेतलेला अनुभव. जर्मनीत शिक्षणाचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात. ड्युसेलडॉर्फ ज्या राज्यात आहे, त्या नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियामध्ये नववी किंवा दहावीत साधारण दोन ते तीन आठवडे प्रत्येक विद्यार्थी एखाद्या खऱ्या कामाच्या ठिकाणी जातो. बेकरी, दवाखाना, गॅरेज, बालवाडी, वकिलाचं ऑफिस, सुतारखाना, काहीही चालतं. हुशार-ढ, श्रीमंत-गरीब असा भेद नाही. जो पुढे डॉक्टर होणार तोही जातो आणि जो प्लंबर होणार तोही जातो.

आणि हे एकदम नववीत सुरू होत नाही. आठवीत मुलांच्या आवडी आणि क्षमता तपासल्या जातात. मग एकेका दिवसाच्या तीन भेटी होतात, तीन वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या. म्हणजे आधी डोकावून बघायचं, मग आत जायचं. या राज्याच्या योजनेचं नावच असं आहे, की त्याचा अर्थ 'पुढची वाट ठरल्याशिवाय शाळा संपणार नाही' असा होतो.

एवढा आटापिटा कशासाठी?

याचं उत्तर तिथल्या शिक्षणपद्धतीत आहे. या राज्यात चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. प्राथमिक शाळेतले शिक्षक शिफारस देतात आणि मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमिक शाळांत जातात. (मी स्वतः चौथीला शिकवलं आहे. दहा वर्षांच्या मुलाबद्दल असं काही लिहून द्यायचं म्हटलं तर माझा हात थरथरेल!)

दुसरी गोष्ट म्हणजे तिथली आउसबिल्डुंग. शाळा संपल्यावर बरीच मुलं कॉलेजला न जाता थेट एखाद्या व्यवसायाचं प्रशिक्षण घेतात. आठवड्यातले काही दिवस व्यवसाय शाळेत, बाकीचे दिवस कामावर, आणि त्याचे पैसेही मिळतात. असं दोन ते साडेतीन वर्षं चालतं. मान्यताप्राप्त व्यवसाय सव्वातीनशेच्या आसपास आहेत. 1969 साली यासाठी देशभर लागू होणारा कायदा झाला. चष्मे बनवणं हाही त्यातलाच एक व्यवसाय, तीन वर्षांचं प्रशिक्षण असलेला. 'चष्म्याच्या दुकानात' म्हणताना आपल्या मनात जे चित्र येतं, ते तिथे तसं नाही.

एवढ्या व्यवसायांमधून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने निवड करायची, तीही न बघता? म्हणून हे दोन आठवडे.

जागा कोण शोधतं?

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हा. जागा शक्यतो मुलांनी स्वतः शोधायची असते. अर्ज लिहायचा, स्वतःची माहिती एका पानात मांडायची, फोन करायचा, भेटायला जायचं. शाळा अर्ज कसा लिहायचा ते शिकवते, पण दार मुलानेच वाजवायचं.

माझ्या भाचीने आधी एका हॉस्पिटलला आणि दोन औषधांच्या दुकानांना अर्ज केले. एकाने नाही म्हटलं, दोघांनी उत्तरच दिलं नाही. पोरगी रडकुंडीला आली. वडील म्हणाले, "माझ्या ऑफिसात ये, मी सांगतो साहेबांना." ती नाही म्हणाली. पुढे आईचा चष्मा दुरुस्त करायला गेली, तेव्हा तिथेच धीर करून विचारलं. दुकानदारबाईंनी अर्ज मागितला, दहा मिनिटं बोलल्या आणि हो म्हणाल्या.

इथे एक अवघड बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांचे आईवडील तिथलेच, त्यांच्या ओळखी असतात. काका बँकेत, शेजारी डॉक्टर. बाहेरून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना त्या ओळखी नसतात. 2014 मध्ये जर्मनीत एक अभ्यास झाला होता. आउसबिल्डुंगसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, काही जर्मन नावाने आणि काही तुर्की नावाने. मुलाखतीचं एक बोलावणं येण्यासाठी जर्मन नावाला सरासरी पाच अर्ज लागले, तुर्की नावाला सात. हा अभ्यास प्राक्टिकुमचा नव्हता, पण दार वाजवणाऱ्याचं नाव काय यावरही बरंच अवलंबून असतं, हे त्यातून कळतं. म्हणूनच ज्याला जागा मिळत नाही त्याच्या मागे शाळेने उभं राहणं फार गरजेचं आहे.

ही बालमजुरी नाही का?

मी आमच्या शिक्षकांच्या चहाच्या वेळी हे सांगितलं, तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. प्रश्न योग्यच आहे. फरक नियमांत आहे. तिथला कायदा असा :

1. सक्तीचं शिक्षण चालू असलेल्या मुलाला हलकं आणि वयाला झेपेल असंच काम. दिवसाला जास्तीत जास्त 7 तास, आठवड्याला 35 तास.
2. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर मधे एकूण तासभर सुट्टी.
3. धोकादायक काम नाही, रात्रीचं काम नाही.
4. पगार नाही, कारण हा शाळेचाच भाग आहे. अपघात विमाही शाळकरी मुलांचा जो असतो तोच लागू होतो.
5. शिक्षक कामाच्या ठिकाणी भेट देतात.

मजुरीत मुलाच्या कामाचा फायदा मालकाला होतो आणि शाळा सुटते. इथे मालकाचाच वेळ जातो, शिकतं मूल आणि दोन आठवड्यांनी ते परत वर्गात येतं. पण हे नियम ढिले पडले की एकाचं दुसरं व्हायला वेळ लागत नाही. मुलाला दोन आठवडे नुसती झाडलोट करायला लावली तर ते प्राक्टिकुम नव्हे.

तिथे तिने काय केलं?

साडेनऊला दुकानात, साडेपाचला सुट्टी, मधे तासभर जेवण. पहिले दोन दिवस फ्रेम पुसणं आणि मांडणं. मग चष्म्याचा नंबर मोजायच्या यंत्रावर जुन्या काचा मोजायला दिल्या. काच घासून फ्रेममध्ये कशी बसवतात ते जवळून बघितलं. फ्रेमची काडी गरम करून कानामागे नीट कशी वळवायची, तेही मोडक्या फ्रेमवर करून पाहिलं.

भाषेची गंमत तिने सांगितली. जर्मनमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही वेगळं असतं. शाळेत मैत्रिणींशी दिवसभर तू-तू चालायचं. दुकानात ऐंशी वर्षांच्या आजोबांशी सारखं तुम्ही वापरायचं, हळू बोलायचं, त्यांना नीट ऐकू येईल असं. म्हणाली, "मावशी, दोन वर्षांत वर्गात जेवढं जर्मन शिकले नाही तेवढं दोन आठवड्यांत तोंडात बसलं."

शेवटी अहवाल लिहायचा. रोजची नोंद, एका कामाची पायरी-पायरीने माहिती, तिथल्या एका माणसाची मुलाखत आणि स्वतःचं मत. तिच्या मतातली दोन वाक्यं मला तिने मराठीत सांगितली : "दिवसभर उभं राहायचं काम मला आयुष्यभर जमणार नाही. पण डोळा कसा बघतो, हे मला अजून शिकायचंय."

माझ्या मते प्राक्टिकुमचं सगळं सार यात आलं. 'हे मला जमणार नाही' हे पंधराव्या वर्षी, दोन आठवड्यांत कळलं. आपल्याकडे किती मुलांना ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, लाखो रुपये भरून झाल्यावर कळतं!

परदेशातल्या मराठी पालकांसाठी

मूल स्वतः जागा शोधत असेल तर शोधू द्या. नकार आला तर सोबत बसा, पण फोन त्यालाच करू द्या. आपल्याच ऑफिसात नेऊन बसवलं तर त्याला नवीन काही दिसणार नाही. आणि त्याने सुतारखाना किंवा वृद्धाश्रम निवडला तर नाक मुरडू नका. दोन आठवड्यांत करिअर ठरत नाही.

आणि आपण?

नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दिवस दप्तराविना सांगितले आहेत. या दिवसांत सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक लोकांकडे मुलांनी शिकावं अशी कल्पना आहे. ही आपल्याला नवीन नाही. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, ती हातातल्या कामातून शिकण्याचीच होती. पुणे जिल्ह्यात पाबळचा विज्ञान आश्रम 1983 पासून हेच करतो आहे.

आता माझी चूक सांगते. मागच्या वर्षी मी सातवीच्या पस्तीस मुलांना एकदम कुंभारवाड्यात नेलं. तासभर थांबलो, फोटो काढले, ग्रुपवर टाकले, परत आलो. मातीला हात लागला तो दोघा-तिघांचाच.

भाचीशी बोलल्यावर यंदा पद्धत बदलली. दोन-दोन मुलं, तीन दिवस, एकच ठिकाण. पालकांची लेखी परवानगी, यंत्राला हात लावायचा नाही, आणि मी रोज एक चक्कर मारणार. शिंपीकाका, रोपवाटिका, पोस्ट, दूध संकलन केंद्र अशी ठिकाणं मुलांनीच सुचवली आणि विचारायलाही मुलंच गेली. वहीत चारच प्रश्न : आज काय पाहिलं? काय केलं? काय अवघड वाटलं? कोणाशी काय बोललो?

दूध केंद्रावर गेलेला एक मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नाही. दशांश अपूर्णांक आले की खाली बघतो. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तो एका शेतकऱ्याला समजावत होता, "काका, फॅट तीन पॉइंट दोन आलीये. साडेतीन पाहिजे, म्हणून दर कमी लागला." मी बाजूला उभी राहून ऐकत राहिले. पुढच्या सोमवारी दशांशाचं उदाहरण फळ्यावर सोडवायला त्यालाच बोलावलं.

आपल्याकडे जर्मनीसारखे कायदे आणि विमा या कामासाठी तयार नाहीत, म्हणून सुरुवात छोटीच करावी. पण तीन गोष्टी कोणत्याही गावात जमतात : जागा मुलाने विचारावी, मूल तिथे एकापेक्षा जास्त दिवस असावं, आणि परत आल्यावर त्याने काय पाहिलं ते आपण नीट ऐकावं.

आपल्या शाळेत दप्तराविना दिवस कसे घेता, काय जमलं आणि काय फसलं, तेही जरूर कळवा. फसलेलं आधी सांगा, त्यातून आम्हाला जास्त शिकता येईल.